घराला बाहेरून प्लास्टर : एक पावसाळा काढल्यावर

प्लास्टर उत्तम, भोकं भिकार. एवढंच हवं असेल त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

घर देवगड तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर, भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. काम जानेवारीत धरलं आणि शिमग्याच्या आत संपलं. मजुरी चौरस फुटाला ३८ रुपये, दोन थर, वर स्पंज फिनिश. सिमेंट-वाळू माझी, पहाड (परांची) मिस्त्रीचा. त्याने ४२ सांगितले होते, ते खाली आणायला बराच चहा पाजावा लागला. काम उक्तं दिलं, कारण हजेरीवर दिलं की दुपारची विश्रांती लांबत जाते. मापात खिडक्या वजा करायच्या की नाही यावर एक अख्खी संध्याकाळ खर्ची पडली. "काकानू, खिडकेचे बाजू आणि छज्जे मग कोण करतलो?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहान खिडक्यांची वजावट सोडली, पडवीची मोकळी बाजू मात्र हट्टाने वजा करून घेतली.

माणूस कामाचा, हे मान्य. वाळूची पहिली गाडी आली तेव्हा त्याने मूठभर वाळू तळहातावर चोळली, चिमूटभर जिभेवर टेकवली आणि थुंकला. "खारट लागता. ही चलाची नाय." खाडीची वाळू नीट न धुता वापरली की भिंतीला लोणा लागतो, पांढरी पूड सुटते आणि रंगाचे पापुद्रे निघतात. धुतलेली असल्याची वाळूवाल्याने शपथ घेतली होती. गाडी परत गेली. भाड्यावरून कचकच झाली, पण गेली.

पुढचंही सगळं रीतसर. चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, खरवडल्या, भिंत आदल्या दिवशीच भिजवली. चिरा पाणी पितो. कोरड्यावर माल मारला तर मालातलं पाणी ओढून घेतो आणि प्लास्टर पोकळ वाजायला लागतं. बीम आणि भिंत जिथे भेटतात तिथे जाळी ठोकली. एकास चारचा सिमेंट-वाळूचा माल, पहिला थर अर्ध्या इंचाच्या आसपास, त्यावर ओरखडे, मग वरचा थर. पाणी मारलेला माल अर्ध्या तासात संपवायचा, जेवणानंतर उरलेला कालवून लावायचा नाही, हे त्याच्या पोरांना पाठ होतं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारणं माझ्या वाट्याला आलं. पंपाचं बिल मी मजुरीतच धरतो.

मे महिन्यात कोणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते. शेजारच्या दोघांना नंबरही दिला होता.

जुलैत पश्चिमेच्या खोलीत, आतल्या भिंतीवर, बशीएवढे ओलसर डाग उठले. पहिला संशय आला तो वॉटरप्रूफिंगच्या लिक्विडवर. पोत्याला २०० मिली टाकायचं, डबे माझ्या पैशांचे, आणि टाकताना रोज कोण बघतंय? दोन दिवस मी मिस्त्रीला मनात चोर ठरवून मोकळा झालो होतो. मग नाण्याने भिंत ठोकत गेलो. कुठेही पोकळ आवाज नाही. डागांच्या मधली भिंत तर खडखडीत कोरडी.

पावसाने उघडीप दिली तेव्हा बाहेर जाऊन पाहिलं. रंग मुद्दाम दिला नव्हता, एक पावसाळा जाऊ दे म्हणून, त्यामुळे सगळं उघडंच होतं. बाकी भिंत वाऱ्याने वाळून फिकट झालेली आणि तिच्यावर ओळीने, सारख्या अंतरावर, काळे गोल. देवीचे वण असावेत तशी भिंत. पहाडाची भोकं!

पहाड एकेरी होता. म्हणजे बाहेर सुरूच्या वाशांची एकच रांग आणि आडव्या वाशांचं दुसरं टोक भिंतीत खोचलेलं. दुहेरी पहाडाला दोन रांगा लागतात, खर्च वाढतो, पण भिंतीला हात लागत नाही. एकेरी की दुहेरी हे बोलणं करताना निघालंच नाही. दर चौरस फुटाचा ठरतो, भोकांचा नाही. "भोकां काय, पहाड सोडताना बुजवन देतंय," एवढंच मार्चमध्ये कानावर आलं होतं. आणि त्याने बुजवली, फक्त तोंडाशी. प्रत्येक गोलाच्या कडेने केसाएवढी चीर होती. कोकणातला पाऊस वरून पडत नाही, पश्चिमेच्या वाऱ्यावर आडवा येतो. त्याला तेवढी चीर पुरते.

श्रावणभर फोन उचलला गेला नाही, गणपतीत कोणाला काम सांगायचं नसतं. उक्त्यातले आठ हजार पावसाळ्यानंतर द्यायचे असं आधीच ठरलं होतं. दसऱ्यानंतर मिस्त्री आला तो त्या आठ हजारांसाठी, माझ्या डागांसाठी नव्हे. त्याच्यासमोर एक भोक फोडलं. आतून चिऱ्याच्या चार कपच्या निघाल्या आणि सिमेंटच्या गोणीचा बोळा. गोणीचा बोळा! ज्या माणसाने जिभेवर वाळू पारखली त्याच्या कामात. तो म्हणाला पोरांनी केलं असेल. असेलही, पहाड सोडायच्या दिवशी तो दुसऱ्या साइटवर होता, हे मला आठवतं.

मग त्याने सगळी भोकं खोलली. आत भिजवून सिमेंट आणि लॅटेक्सचा (जुन्या-नव्याचा जोड धरणारं रसायन) घोळ लावला, चिऱ्याचे तुकडे मालात घट्ट बसवत भरलं, दुसऱ्या दिवशी जाळीचा तुकडा टाकून वरचा हात. मजुरी मागितली नाही, लॅटेक्सचा डबा मात्र माझ्या नावावर गेला. परतीच्या दोन सरी भिंतीने कोरड्या काढल्या, खरी परीक्षा पुढच्या मृगात.

एक गोष्ट न सांगता सोडणं अन्यायाचं होईल. छज्ज्यांच्या खालच्या कडेला त्याने न मागता बोटाएवढी खाच ठेवली आहे. पाणी तिथे तुटतं, भिंतीकडे वळत नाही. अख्ख्या पावसाळ्यात खिडक्यांच्या डोक्यावर एक ओघळ नाही. शेजारी छज्ज्याखाली काळे पट्टे आलेत.

पाचपैकी साडेतीन. कंपाउंडच्या भिंतीचं काम त्यालाच दिलंय. तिथे पहाड लागत नाही.