कपिल व्हावं का कॅलिस?

"मामा, कपिल बनू का कॅलिस?" यवतमाळकडच्या आमच्या भाच्याचा प्रश्न. दोघंही अष्टपैलू, पण भारताचा कपिल मुख्यतः वेगवान गोलंदाज, तर दक्षिण आफ्रिकेचा कॅलिस मुख्यतः फलंदाज. आकडे पाहा: कपिल देव १३१ कसोटी, ५२४८ धावा, ४३४ बळी, जॅक कॅलिस १६६ कसोटी, १३२८९ धावा, २९२ बळी, वर २०० झेल.

खर्चात कपिलची वाट स्वस्त. चेंडू आणि मोकळं वावर पुरतं. फलंदाजाला बॅट, पॅड, बरी खेळपट्टी लागते.

शरीराचं मात्र उलट. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. टाच भेगेत गेली की घोटा मुरगळलाच. कपिल तर सोळा वर्षं धावत राहिला! आणि १९८३च्या विश्वचषकात भारत ५ बाद १७ असा कोसळला, तेव्हाच्या नाबाद १७५ धावाही त्याच्याच.

अंगात दम, खिसा रिकामा असेल तर कपिल. तासन्‌तास खेळपट्टीवर उभं राहायचा धीर असेल, तर कॅलिस. आमच्या पोराला मी चेंडूच दिला.