क्रूझवरचं जेवण: सूट-टाय की जीन्स?

क्युनार्ड या क्रूझ कंपनीच्या ‘क्वीन मेरी 2’ जहाजावर गाला, म्हणजे खास थाटाच्या संध्याकाळी ब्रिटानिया या मुख्य रेस्तराँत पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट-टाय लागतो. एवढा थाट नको असेल, तर किंग्ज कोर्टचा बुफे आहेच. नॉर्वेजियन या दुसऱ्या क्रूझ कंपनीने 2000 साली ‘फ्रीस्टाइल’ आणलं: ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, जीन्सही चालते. सोय खरी, पण एकदा ‘अंडंही नको’ सांगितलं की आठवडाभर लक्षात ठेवणारा रोजचा वेटर त्यात गेला. आणि चांगल्या स्टेकला वेगळे पैसे! कार्निव्हल ही क्रूझ कंपनी तर 2023 पासून मुख्य डायनिंग रूममध्ये एकाच जेवणात तिसरा मेन कोर्स मागवला तर त्याचे 5 डॉलर घेते. लहान मुलं सोबत असतील तर नॉर्वेजियन. एरवी मी सूट इस्त्री करून नेईन.