ॲझ्टेक दिनगणना: २६० दिवस रोज मोजल्यानंतरचा अनुभव

मेक्सिको सिटीत राहायला येऊन मला दोन वर्षं झाली. इथे सूर्यशिळा, म्हणजे ॲझ्टेक लोकांनी कोरलेली मोठी गोल शिळा, बघायला मुद्दाम संग्रहालयात जावं लागत नाही, ती रोज हातातून जाते. दहा पेसोच्या नाण्याच्या मधोमध शिळेतला चेहरा आहे, पाचच्या कडेला सापांचं कडं, दोनच्या कडेला दिवसांचं कडं. वर्षभर याच नाण्यांनी टोमॅटो-कोथिंबीर घेतल्यावर वाटलं, हे आहे तरी काय ते एकदा नीट बघूया. म्हणून गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ला सियुदादेला या हस्तकलांच्या बाजारातून शिळेची एक प्रतिकृती आणली आणि ८ मे २०२५ पासून ॲझ्टेकांची २६० दिवसांची गणना रोज वहीत लिहायला लागले. २२ जानेवारी २०२६ ला पहिला फेरा पूर्ण झाला. तुमच्यापैकी कुणी इथे येऊन असं काही घ्यायच्या विचारात असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वस्तूबद्दल. व्यास ४० सेंटिमीटर, वजन तीन किलोच्या आसपास, रेझिनमध्ये दगडाची पूड मिसळून साच्यात ओतलेली. मागची तार महिन्याभरात सुटली, मी जाड तार घालून घेतली. ते चालायचंच. रंगाबद्दल मात्र सांगायलाच हवं. माझ्या प्रतिकृतीवर निळा, हिरवा, पिवळा असे भडक रंग आहेत. मूळ शिळेवर जे अंश सापडले ते लाल आणि गेरूच्या छटांचे. शिवाय रंगाच्या थरामुळे बारीक काम बुजतं. माझ्याकडच्या कड्यात कुत्रा आणि जग्वार एकसारखेच दिसतात, आणि चिन्हांशेजारचे ठिपके, जे इथे आकडे असतात, ते बोटाने चाचपून मोजावे लागतात. घ्यायचीच तर बिनरंगाची घ्या.

विकणाऱ्याने ती 'ॲझ्टेक कॅलेंडर' म्हणून दिली. सगळे तेच म्हणतात. पण भिंतीवर लावून रोज बघितलं तरी आजचा दिवस कोणता हे तिच्यावरून कळत नाही, कारण ती त्यासाठी घडवलेलीच नाही. मूळ शिळा बसाल्टची, साधारण ३.६ मीटर व्यासाची आणि २४ टनांची आहे. १७ डिसेंबर १७९० रोजी इथल्या मुख्य चौकात खोदकाम चालू असताना ती सापडली. इथलेच खगोल अभ्यासक आंतोनियो दे लिओन इ गामा यांनी १७९२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. मग ती कॅथीड्रलच्या पश्चिमेकडच्या मनोऱ्याला टेकवून ठेवली होती, १८८५ मध्ये संग्रहालयात गेली आणि १९६४ पासून चापुल्तेपेकच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. आज आपण ती उभी बघतो, पण ती आडवी ठेवण्यासाठी घडवली असावी आणि नरबळीच्या विधीशी निगडित असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे पंचांग म्हणून आपण घरी आणतो ते प्रत्यक्षात त्यांच्या विश्वाचं चित्र आहे, दिवसांच्या नावांनी काढलेलं. हे मला वाचून कळलं होतं. पटलं ते वही भरायला लागल्यावर.

मोजायची रीत सोपी आहे. दिवसांची २० नावं ठरलेल्या क्रमाने येतात: सिपाक्त्ली म्हणजे मगर, मग एहेकात्ल वारा, काल्ली घर, क्वेत्स्पालिन सरडा, कोआत्ल साप, असं करत विसावं शोचित्ल, फूल. त्यांच्या जोडीला १ ते १३ आकडे. दोन्ही एकाच वेळी पुढे सरकतात. १ मगर, २ वारा, ३ घर... १३ आकात्ल, म्हणजे वेत. चौदाव्या दिवशी नाव पुढचं, जग्वार, पण आकडा पुन्हा १. तेरा गुणिले वीस, २६० दिवसांनी पुन्हा १ मगर. याला तोनालपोवाल्ली म्हणतात. आपल्याकडे वार आणि तिथी शेजारी शेजारी चालतात तसंच, पण एक मोठा फरक आहे. आपली तिथी आकाशाला बांधलेली, म्हणून कधी तिचा क्षय होतो, कधी वृद्धी. यांची गणना चंद्रासाठी थांबत नाही की सूर्यासाठी. तिला अधिक महिनाही नाही. सूर्याचं वर्ष वेगळं मोजत: २० दिवसांचे १८ महिने आणि वर उरलेले ५ नेमोन्तेमी, अशुभ मानलेले दिवस.

पहिल्या आठवड्यात मी कडं उलटं वाचत होते. आपली नजर घड्याळासारखी डावीकडून उजवीकडे फिरते. शिळेवर माथ्यावरच्या टोकाच्या लगेच डावीकडे मगर आहे आणि क्रम तिथून डावीकडेच, घड्याळाच्या उलट जातो. हे लक्षात आलं तेव्हा मधल्या चार चौकटींचाही क्रम लागला. तेराव्या दिवशी, २० मे ला, वहीत '१३ आकात्ल' लिहिलं आणि मान वर केली तर शिळेच्या अगदी माथ्यावर, दोन अग्निसर्पांच्या शेपट्या जिथे भेटतात त्या चौकटीत, तेच: वेताचं चिन्ह आणि तेरा ठिपके. तिथे ते वर्षाचं नाव आहे, सध्याचा सूर्य जन्मला त्या वर्षाचं. पण स्वतःच्या हाताने ते नाव लिहून वर बघितल्यावर शिळा पहिल्यांदा वाचता आली.

चार दिवसांनी, २४ मे ला, ४ ओलिन आला. ओलिन म्हणजे हालचाल. माझ्या दृष्टीने या सगळ्याचा गाभा इथे आहे.

मधल्या चेहऱ्याभोवतीच्या चार चौकटी म्हणजे आधी होऊन गेलेले चार सूर्य, चार जगं. प्रत्येकाचं नाव म्हणजे ते बुडालं तो दिवस. वर उजवीकडे ४ जग्वार: त्या जगातल्या माणसांना जग्वारांनी खाल्लं. वर डावीकडे ४ वारा: वादळात सगळं उडून गेलं, उरलेली माणसं माकडं झाली. खाली डावीकडे ४ पाऊस: आगीचा पाऊस पडला आणि माणसांचे टर्की पक्षी झाले. खाली उजवीकडे ४ पाणी: पूर आला, माणसं मासे झाली. या चार चौकटी, मधला चेहरा आणि पंजे मिळून जो आकार होतो तोच ओलिन. आपण आत्ता राहतो तो पाचवा सूर्य, ४ ओलिन, आणि तो भूकंपांनी संपणार.

आपल्याला लगेच चार युगं आठवतात. मलाही आठवली होती, पण रोज लिहिताना ती तुलना गळून पडली. युगांचे आकडे लाखांत, कलियुगाचा शेवट आपल्या जगण्याच्या फार पलीकडे. इथे पहिला सूर्य टिकला ६७६ वर्षं, म्हणजे ५२ वर्षांचे १३ फेरे. आणि जग ज्या दिवशी संपणार त्या दिवसाचं नाव दर २६० दिवसांनी समोर येतं. मेशिका लोक, म्हणजे या शहरातले ॲझ्टेक, त्या दिवशी सूर्यासाठी उपास करत आणि स्वतःचं रक्त अर्पण करत. २४ मे ला मी सकाळपासून त्या नावाकडे बघत होते. या शहरात भूकंपाचा भोंगा वाजला की पायात चप्पल सरकवून जिना उतरायचा हे अंगवळणी पडलेलं असतं. त्यामुळे मला ती कथा दूरची वाटली नाही.

इथेच एक गोष्ट स्पष्ट करते. ही गणना भविष्य सांगत नाही, निदान माझ्या वहीने तरी नाही सांगितलं. १९ सप्टेंबरला शहरभर भूकंपाचा सराव असतो, कारण १९८५, २०१७ आणि २०२२ अशा तिन्ही वर्षी त्याच तारखेला मोठे भूकंप झाले. मी मागे मोजत गेले: ७ साप, ८ वेत, १ पाऊस. एकही ओलिन नाही. गेल्या वर्षीच्या सरावाचा दिवस ५ गरुड होता.

आता ॲपबद्दल. सुरुवातीला मी फोनवरच्या एका ॲपवर विसंबले होते आणि त्याचा दिवस माझ्या हिशोबाशी जुळेना. कारण असं की आजची तारीख जुन्या गणनेशी जोडण्याच्या पद्धती एकाहून जास्त आहेत. मी मेक्सिकन पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांची जोडणी धरली. तिचा आधार आहे ॲझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली तो दिवस, १३ ऑगस्ट १५२१: ३ घर वर्षातला १ साप. खरा विश्वास बसला तो ग्वातेमालामुळे. तिथल्या डोंगराळ भागातल्या किचे माया लोकांनी हीच २६० दिवसांची गणना आजवर खंड न पडू देता चालवली आहे. त्यांचा ८ बात्स हा मोठा दिवस ५ ऑक्टोबरला होता. बात्स म्हणजे माकड. माझ्या वहीत त्या तारखेपुढे होतं ८ ओसोमात्ली, माकड. पाचशे वर्षांपूर्वी पडलेल्या शहराचा हिशोब आणि आज जिवंत असलेल्या लोकांचा हिशोब एकाच दिवशी भेटले, ते पान मी कितीदा तरी उघडून बघितलं.

मधे ऑगस्टमध्ये आठ दिवस गावाला गेले तेव्हा वही घरी राहिली आणि मोजणी तुटली. परत आल्यावर शेवटच्या नोंदीपासून गेलेले दिवस मोजायचे, आकड्यासाठी तेराने भागायचं आणि नावासाठी विसाने, बाकी तेवढी पुढे सरकवायची. दहा मिनिटांत जुळलं. त्यामुळेच गणेश चतुर्थी, २७ ऑगस्ट, नीट सापडली: ८ मालिनाल्ली. मालिनाल्ली म्हणजे पिळाचं गवत. आई व्हिडिओ कॉलवर विचारत होती, "अगं, दूर्वा मिळाल्या का तिकडे?" आणि मी तिला वहीतलं पान दाखवलं. योगायोगच, पण त्या दिवशी आम्ही दोघी खूश झालो.

दुसरा असाच धागा चंद्राचा आहे. त्यांच्या कथेत तेओतिवाकान या प्राचीन नगरीत देव जमले, अंगभर फोड असलेला गरीब नानावात्सिन आगीत उडी घेऊन सूर्य झाला, आणि चार वेळा मागे सरलेला श्रीमंत तेकुसिस्तेकात्ल त्याच्या मागून उडी घेऊन चंद्र झाला. दोघंही सारखेच तळपायला लागले, म्हणून एका देवाने चंद्राच्या तोंडावर ससा मारला. तेव्हापासून त्यावर सशाचा डाग आहे. शशांक हे नाव आपल्या घराघरांत आहे, त्यांच्याकडेही चंद्रावर तोच ससा. मात्र गोष्ट इथे संपत नाही. सूर्य उगवला आणि जागीच थांबला. तो चालावा म्हणून बाकीच्या देवांनी प्राण दिले. माणसांनी आपली बाकी फेडायची ती याचीच. शिळेतल्या चेहऱ्याच्या दोन बाजूंच्या पंज्यांत जी धरलेली आहेत ती माणसांची काळजं. हे समजल्यावर मी प्रतिकृती जेवणाच्या टेबलासमोरून काढून कामाच्या खोलीत लावली. तिच्याबद्दलचा आदर कमी झाला म्हणून नाही. जे आहे ते काय आहे हे माहीत असताना तिच्यासमोर बसून जेवता येईना.

डिसेंबरात इस्तापालापाला गेले, सेर्रो दे ला एस्त्रेया टेकडीवर. मेट्रोच्या आठ नंबरच्या लाईनवर त्याच नावाचं स्टेशन आहे. २६० आणि ३६५ चे फेरे ५२ वर्षांनी पुन्हा एकत्र येत, तेव्हा या टेकडीवर नवा अग्नी पेटवत. त्या रात्री खोऱ्यातल्या सगळ्या चुली विझवलेल्या, घरातली भांडी टाकून दिलेली. गरोदर बायकांना वाखाच्या पानांचे मुखवटे घालून कणगीत ठेवत आणि मुलं झोपली तर त्यांचे उंदीर होतील म्हणून त्यांना जागं ठेवत. कृत्तिका मध्यरात्री माथ्यावर येऊन पुढे सरकल्या की जग आणखी ५२ वर्षं चालणार. मग बळीच्या छातीवर अग्नी मंथून काढत आणि तिथून मशाली घरोघर जात. शेवटचा असा विधी १५०७ मध्ये झाला. वरून आता सगळीकडे घरंच घरं दिसतात. संध्याकाळी एकेक दिवा लागत गेला तेव्हा मी बराच वेळ तिथे उभी होते.

वहीचा सगळ्यात जवळचा उपयोग नोव्हेंबरात झाला. १२ नोव्हेंबरला सांगलीत माझ्या बहिणीला मुलगी झाली. दिवस निघाला ७ आत्ल, पाणी. मेशिकांमध्ये मूल जन्मलं की दिवस वाचणाऱ्याला बोलवत. तो तोनालामात्ल, म्हणजे या दिवसांची पोथी, उघडून नशीब सांगे, आणि दिवस वाईट असला तर न्हाऊ घालून नाव ठेवायचा विधी त्याच तेरा दिवसांतल्या एखाद्या चांगल्या दिवशी करत. सात हा आकडा ते चांगला धरत, म्हणजे थांबायची गरज नव्हती. आमच्याकडे बारसं बाराव्या दिवशीच झालं. बहिणीने मात्र फोटो मागवला, वहीतल्या त्या ओळीचा, आणि तो बाळाच्या पहिल्या डायरीत चिकटवला आहे.

घ्यावी का? शोभेची वस्तू म्हणून प्रतिकृती ठीक आहे, माझी तर रंग आणि तारेमुळे मध्यमच. आधी संग्रहालयात जाऊन मूळ शिळेसमोर अर्धा तास उभं राहा, मग ठरवा. शंभर पानी वही मात्र नक्की घ्या. दिवसाला एक ओळ पुरते. माझ्या दुसऱ्या फेऱ्याची सुरुवात २३ जानेवारीला झाली, पहिल्या पानावर पुन्हा १ मगर. ८ फेब्रुवारीला ४ ओलिन होता. त्या दिवशी मी दुपारपर्यंत काही खाल्लं नाही.