ईव्ही चार्जिंग: घरचाच मीटर की वेगळी जोडणी?

गोव्याच्या वीज खात्याकडून विजेवरच्या गाडीसाठी (ईव्ही) वेगळी जोडणी घ्यावी का, याचे उत्तर गाडीपेक्षा घरच्या बिलावर जास्त अवलंबून आहे. घरगुती दर 100, 200, 300, 400 युनिट आणि त्यापुढे असा टप्प्याटप्प्याने चढतो. पूर्ण बिलाचा सरासरी दर काढून काहीच कळत नाही. गाडीचे युनिट कुठल्या टप्प्यात पडतात, तेवढेच पाहा.

महिन्याला 1000 किमी आणि युनिटला 7 किमी धरले, तर बॅटरीत 143 युनिट जातात. चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर साधारण 160 पडतात. घरचा वापर 220 असेल तर गाडीचे 80 युनिट तिसऱ्या टप्प्यात आणि 80 चौथ्यात येतात. या दोन दरांची सरासरी वेगळ्या जोडणीवर लागणाऱ्या ईव्हीच्या दराशी ताडून पाहा. फरक युनिटमागे रुपयाचा निघाला, तर महिन्याला 160 रुपये वाचतील. केबल, पेटी, अर्थिंग यांवर 15,000 गेले, तर ते वसूल व्हायला जवळजवळ आठ वर्षे लागतील! घर आधीच 400 च्या वर असेल तर मात्र गाडीचे सगळे युनिट शेवटच्या टप्प्यात जातात, आणि तिथे हिशेब पुन्हा मांडावा.

केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ईव्हीचा दर एकभागी आहे, म्हणजे दरमहा ठरलेला स्थिर आकार नाही. घरच्या मीटरवर मात्र 7.2 किलोवॅटच्या चार्जरसाठी मंजूर भार (जोडणीवर एका वेळी घेता येणारी कमाल वीज) वाढवला की स्थिर आकारही वाढतो. हे बहुतेकजण विसरतात. रात्रभर गाडी उभी राहत असेल तर 3.3 किलोवॅट पुरतो: आठ तासांत 26 युनिट.

छतावर सोलर असेल तर घरचाच मीटर ठेवा. सोलरचे युनिट बिलातून वजा करणारा नेट मीटर त्या जोडणीवर असतो, वेगळ्या जोडणीच्या युनिटांतून सोलरचे युनिट आपोआप वजा होत नाहीत.

वायरिंगमध्ये काटकसर नको. 7.2 किलोवॅटच्या, म्हणजे 32 अँपिअरच्या चार्जरला 6 चौ. मिमी तांब्याची तार, स्वतंत्र 40 अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचे टाइप ए आरसीसीबी (गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण) लागते. एसी टाइप लावले तर चार्जरमधून येणारा स्पंदित (कमी-जास्त होणारा) डीसी दोषप्रवाह त्याला नीट ओळखता येत नाही. चिऱ्याच्या जमिनीत मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, चार्जर 'अर्थ फॉल्ट' दाखवून थांबतो आणि दोष गाडीला दिला जातो. न्यूट्रल तार आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज दोन-तीनच्या वर गेले की आधी खड्ड्यात पाणी घाला, मग वायरमनला बोलवा.

पर्वरी-फोंड्याच्या सोसायट्यांत मीटररूमपासून पार्किंगपर्यंतचे अंतर मोजल्याशिवाय अर्जच भरू नये.