टोप्यांचं प्रेम की रेघेचं?

जुन्या प्रेमकथांच्या कार्टूनपटांत माझे दोन लाडके. डिस्नेचा १९४६चा ‘जॉनी फेडोरा अँड अ‍ॅलिस ब्लूबॉनेट’ आणि एमजीएमचा १९६५चा ‘द डॉट अँड द लाइन’.

पहिल्यात न्यूयॉर्कमधल्या दुकानाच्या काचेआड दोन टोप्यांचं जुळतं. अ‍ॅलिस विकली जाते, मग जॉनी तिला शहरभर शोधतो. सगळी गोष्ट अँड्र्यूज सिस्टर्स या गायिका बहिणी गाण्यातून सांगतात. शेवटी हाल हाल झालेल्या जॉनीला एक बर्फवाला उचलतो, कानांसाठी दोन भोकं पाडतो आणि घोड्याच्या डोक्यावर चढवतो. शेजारच्या घोड्यावर कोण? अ‍ॅलिस!

दुसरा दिग्दर्शक चक जोन्सचा, ऑस्करविजेता. मराठीत रेघ बाई नि ठिपका बुवा, पडद्यावर नेमकं उलटं. रेघेचं प्रेम ठिपक्यावर, पण ठिपक्याचं मन एका गिचमिड गुंतवळ्यावर जडलेलं. रेघ जिवाच्या कराराने वाकायला शिकते. आधी एकच कोन, मग थक्क करणाऱ्या आकृत्या.

कल्पकतेत हाच सरस, यात वाद नाही. पण ठिपका चंचल वाटतो अशी अनेकांची तक्रार असते, ती मला पटते. जॉनीला कुणासाठी बदलावं लागत नाही, फक्त शोधत राहावं लागतं. घरी पुन्हा पुन्हा लागतो तो टोप्यांचाच, आणि ती भोकं दिसली की दरवेळी माझे डोळे भरून येतात.