लुक्ल्याहून परतताना: गोव्याचं तिकीट आधी काढावं की उशिरा?

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघायची तारीख तुमच्या हातात असते, परतायची लुक्ल्याच्या ढगांच्या हातात. लुक्ला म्हणजे नेपाळमधलं ते डोंगरी गाव, जिथल्या विमानतळावरून हा ट्रेक सुरू होतो. तिथली धावपट्टी जेमतेम 527 मीटर. वैमानिकाला समोरचं स्वच्छ दिसलं तरच विमान उतरतं, म्हणून उड्डाणं बहुतेक सकाळची. ढग बसले की दिवस वाया. म्हणूनच गोवा–दिल्ली–काठमांडू प्रवासात डोकं लावायचं ते परतीच्या तिकिटाला.

सगळ्यात स्वस्त दिसतं ते पक्क्या तारखेचं जाऊन-येऊन तिकीट. पण तारीख बदलताना दोन खर्च येतात: बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक. समजा परतीचे 6,000 दिले, बदलाचं शुल्क 3,000 आणि नव्या दिवसाचं भाडं 9,000. म्हणजे आणखी 6,000 गेले. शिवाय एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, जाण्याचं विमान चुकलं तर परतीचं तिकीटही बहुधा आपोआप रद्द होतं.

फ्लेक्सी, म्हणजे तारीख बदलायची मुभा असलेल्या, भाड्यात थोडे जास्त मोजावे लागतात. त्यात माफ होतं ते फक्त शुल्क. भाड्यातला फरक भरावाच लागतो. वरच्या हिशोबात 3,000 वाचले, 3,000 गेलेच. किती वेळा आणि उड्डाणाच्या किती तास आधीपर्यंत बदल चालतो, ते पैसे भरण्याआधी वाचा.

तिसरी वाट, परतीचं तिकीट काठमांडूला पोहोचल्यावरच काढायचं. इथं गोंयकारांची एक खास अडचण आहे: आपली परतीची दिशा हीच पर्यटकांची येण्याची दिशा. दिल्ली–गोवा विमान गुरुवार ते शनिवार महागतं, दिवाळीच्या सुट्टीत तर फारच. ट्रेकचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हंगाम नेमका त्यातच येतो. तेव्हा आयत्या वेळच्या तिकिटावर विसंबू नका. मार्चमध्ये, मधल्या वारी परतायचं असेल तर ही वाट चालते.

आमचा कौल असा: परतीचं काठमांडू–दिल्ली–गोवा एकाच पीएनआरवर, फ्लेक्सी भाड्यात, लुक्ल्याहून निघायच्या दिवसानंतर दोन दिवस मोकळे सोडून, सोमवार ते बुधवारातलं. जाण्याचं वेगळं काढा. मात्र आंतरराष्ट्रीय प्रवासात दोन एकेरी तिकिटं कधी कधी जाऊन-येऊनपेक्षा महाग पडतात, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

एकच पीएनआर का, ते दिल्लीत कळतं. तिकिटं वेगळी असली की काठमांडूचं विमान उशिरा आलं तरी गोव्याचं विमान थांबत नाही, आणि दुसरी कंपनी जबाबदारीही घेत नाही. इमिग्रेशन, सामान, कस्टम्स, मग कदाचित दुसरं टर्मिनल. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर मध्ये पाच-सहा तास तरी ठेवा.

तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावर काढा. पोर्टलवर काढलं तर बदलाला त्यांचंही शुल्क लागतं. आणि संपर्काचा नंबर घरच्या माणसाचा द्या. लुक्ल्यात अडकलात, रेंज नाही, ओटीपी तुमच्याच बंद फोनवर, मग बदल करणार कोण? घरच्यांकडे पीएनआर आणि आडनावाचं नेमकं स्पेलिंग लिहून ठेवा. विमान चुकलंच तर उड्डाणासाठी घेतलेले विमानतळाचे कर मागून घ्या. भारतातल्या विनापरतावा तिकिटावरही ते परत मिळतात.

शेवटी तिकिटावर गोव्याच्या विमानतळाची तीन अक्षरं बघा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. स्वस्तातलं तिकीट बघताना दोन्ही शोधा, पण मोपाच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवून दाबोळीला उतरलात तर वाचवलेले पैसे टॅक्सीतच जातील. आणि भाडं अगदीच आवाक्याबाहेर गेलं तर हजरत निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस रोज सुटते, मडगाव-वास्कोपर्यंत. तत्काळ आरक्षण आदल्या दिवशी उघडतं.