होडीला दोन इंजिने बसवून देणाऱ्यांचा व्यवहार: हिडकलच्या पाण्यावरचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातील हिडकल जलाशय, मलप्रभेवरचे नविलुतीर्थ किंवा कृष्णेवरील हिप्परगी बंधाऱ्यामागचे पाणी, यांपैकी कोठेही फायबरच्या होडीने मासेमारी करणाऱ्या माणसाकडे जर कोणी “नव्या दोन इंजिनांची जोडी आमच्याच शेडमध्ये बसवून, तयार करून देतो” असे सांगत आला, तर त्याने पैसे मोजण्यापूर्वी पुढील मजकूर वाचावा, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे. मी स्वतः मासेमार नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दड्डी परिसरातील माझ्या मावसभावाच्या आणि त्याच्या दोन भागीदारांच्या धंद्याचे हिशेब व कागदपत्रे मी पाहतो, आणि त्यामुळे या व्यवहारातील प्रत्येक चिठ्ठी माझ्या फाइलमध्ये आहे.

घटप्रभेवरील राजा लखमगौडा धरणाची, म्हणजेच हिडकल जलाशयाची, साठवण सुमारे 51 टीएमसी आहे. एवढ्या उघड्या पाण्यावर पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की हरगोल म्हणजे टोपलीसारखी गोल होडी चालवणाऱ्यांना काठ सोडता येत नाही आणि लहान होडीचे एकुलते इंजिन भर पाण्यात बंद पडले तर वल्ह्यांनी परतणे जिवावर बेतते. उन्हाळ्यात याच्या उलट स्थिती असते. पाणी उतरून हुन्नूरचे बुडालेले विठ्ठल मंदिर वर येते, आणि त्याचबरोबर जुन्या गावांचे चौथरे, बांध व झाडांचे बुंधे पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर अंतरावर दडलेले असतात, त्यांवर पंखा आपटला की त्याची पाती जातात. विक्रेत्याला या दोन्ही गोष्टी पुरेपूर माहीत होत्या. “गुरुजी, एक बंद पडलं तर दुसरं हाय की! मासा वाटेत खराब हुईत न्हाई, माणूसबी घरला येतंय,” हे त्याचे वाक्य होते. प्रत्येकी 9.9 अश्वशक्तीची दोन नवी इंजिने, त्यांपैकी डावे उलट दिशेने फिरणारे, मागच्या फळीला आतून मजबुती, सर्व बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आणि वर सरकारी अनुदान मिळवून देण्याची हमी, असा एकूण सव्वाचार लाखांचा सौदा ठरला.

अठरा फुटांची होडी तो टेम्पोवर घालून घेऊन गेला आणि काही आठवड्यांनी तयार करून परत घेऊन आला. चाचणी म्हणून त्याने दोन्ही इंजिने पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये चालवून दाखवली. ड्रममधली चाचणी फसवी असते, हे येथेच सांगतो, कारण इंजिन न्यूट्रलमध्ये असताना त्यावर कसलाही भार नसतो आणि झिजलेले इंजिनही त्या स्थितीत गोड आवाजात चालते. खरी चाचणी भरल्या होडीत, पूर्ण थ्रॉटल देऊन, फेऱ्या मोजणारा मीटर लावूनच होते. प्रत्येक कंपनी आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलवरच्या फेऱ्यांची मर्यादा छापते, त्या मर्यादेपर्यंत इंजिन पोहोचत नसेल तर पंखा चुकीचा आहे किंवा इंजिनात दम उरलेला नाही, यांपैकी एखादी गोष्ट असण्याची शक्यता मोठी समजावी. विक्रेत्याने मीटर आणला नव्हता, आणि होडी पाण्यात उतरवण्याआधीच उरलेली रक्कम रोख हवी असा त्याचा आग्रह होता.

पहिल्या मोठ्या वाऱ्यात दोन्ही इंजिने एकामागोमाग बंद पडली. त्या दिवशी दुसऱ्या एका होडीने दोर टाकून आमची होडी काठाला आणली म्हणून पुढचा अनर्थ टळला. त्यानंतर मालवणकडचा, उभे आयुष्य याच कामात घालवलेला एक मेकॅनिक नातेवाइकांच्या ओळखीने आला आणि त्याने सबंध दिवस खर्चून होडीचा मागचा भाग उलगडून दाखवला. त्याने जे दाखवले ते मी सविस्तर लिहितो, कारण फसवणूक किमतीत कमी आणि जोडणीत अधिक होती.

प्रथम इंधनाविषयी. दोन्ही इंजिनांच्या नळ्या एकाच टाकीला, एकाच फिल्टरमधून जोडलेल्या होत्या. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. दमट दिवसांत टाकी अर्धवट भरलेली पडून राहिली की पाण्याचा अंश इथेनॉलला घेऊन तळाशी बसतो, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. एक टाकी असेल तर दोन इंजिनांना तोच घोट एकाच वेळी मिळणार, हे उघड आहे. दुसऱ्या इंजिनाचा उपयोग संकटात व्हायचा असेल तर त्याची टाकी, नळी, हाताने दाबायचा फुगा आणि पाणी अडवणारा फिल्टर, सगळे वेगळे असावे लागते. बिलात “दोन इंधन संच” अशी नोंद होती आणि होडीत एकच होता. हा भेद ओळखायला कोणतेही यंत्रज्ञान लागत नाही, नळीवर बोट ठेवून इंजिनापासून टाकीपर्यंत जावे लागते.

त्याहून वाईट काम दोन इंजिनांना जोडणाऱ्या दांड्याचे होते. दोन्ही इंजिने एका हॅण्डलने वळावीत म्हणून त्यांच्यामध्ये दांडा बसवतात, आणि त्याची टोके फिरत्या सांध्याची असतात, जेणेकरून एक इंजिन वर उचलता येते आणि दुसरे पाण्यात राहून चालू शकते. आमच्या होडीला लोखंडी अँगल वेल्डिंग करून ठोकला होता. म्हणजे एक इंजिन बंद पडले तर ते उचलताच येत नव्हते, त्याचा मेलेला पंखा पाण्यात तसाच फरफटत राहणार आणि चालू इंजिनाची बरीच ताकद त्याला ओढण्यातच जाणार. ज्या एका आश्वासनावर सगळा सौदा झाला, तेच या अँगलने खोटे ठरवले होते. शिवाय दोन इंजिनांच्या मध्यरेषांमध्ये लहान इंजिनांतही साधारण 22 इंच अंतर ठेवण्याची रीत आहे. आमच्याकडे ते सोळाच्या आसपास भरले, आणि पूर्ण वळण घेतले की दोन्ही टोपणे एकमेकांवर आदळत.

उलट फिरणाऱ्या डाव्या इंजिनासाठी त्याने वेगळी रक्कम लावली होती. मोठ्या होड्यांवर उजवा पंखा एका दिशेने व डावा विरुद्ध दिशेने फिरवतात, त्यामुळे हॅण्डल एका बाजूला ओढले जात नाही, ही गोष्ट खरी आहे. परंतु ती सोय शंभर अश्वशक्तीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या इंजिनांत मिळते, 9.9 सारख्या लहान इंजिनांत प्रमुख कंपन्या तसे मॉडेल काढत नाहीत. मेकॅनिकने दोन्ही इंजिने पुढच्या गिअरमध्ये टाकली, दोरी हळूच ओढली आणि पंखे पाहायला सांगितले. दोन्ही एकाच दिशेने फिरले. जी वस्तू अस्तित्वातच नाही तिचे पैसे घेण्याची ही कला मला अजूनही थक्क करते.

यानंतरचा शोध मात्र खुद्द त्या डाव्या इंजिनाविषयीचा होता. वरून टोपण नवे, स्टिकर नवे, रंग कोरा होता. मेकॅनिकने थर्मोस्टॅटवरचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा प्रवाह सांभाळणाऱ्या भागावरचे, झाकण उघडले तर आत मिठाचा पांढरा थर होता. हिडकलचे पाणी गोडे आहे, घटप्रभेत मीठ येणार कोठून? पाण्याखाली राहणाऱ्या भागाला गंज लागू नये म्हणून जो झिजणारा धातूचा तुकडा बसवलेला असतो, तो अर्ध्याहून अधिक खाल्लेला निघाला, आणि गोड्या पाण्यात काही आठवड्यांत असे होणे शक्य नव्हते. गिअरचे तेल काढले तर ते चहात दूध घातल्यासारखे निघाले, म्हणजे सीलमधून पाणी आत जात होते. दोन सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे आतील दाबात, दहा टक्क्यांहून बरीच अधिक तफावत आली. थोडक्यात, ते किनारपट्टीवर खाऱ्या पाण्यात राबून थकलेले इंजिन होते आणि रंग मारून आमच्या गळ्यात मारले होते. उजवे इंजिन खरोखर नवे होते, आणि विक्रेता दाखवताना नेहमी तेच दाखवत असे.

या जुन्या इंजिनाचा शाफ्टही आखूड होता. शाफ्टची लांबी साधारण 15, 20 किंवा 25 इंच अशा ठरावीक मापांत येते आणि ती होडीच्या मागच्या उभ्या फळीच्या उंचीशी जुळावी लागते. आमच्या फळीची उंची वीस इंचांच्या इंजिनाची, आणि हे पंधराचे. त्याने काय केले? डाव्या बाजूला फळीच पाच इंच कापून खाली घेतली. मागून येणारी लाट अडवायची ती कडा तेथेच कमी झाली, आणि कापलेल्या ठिकाणी फायबरच्या आतील प्लायवुड उघडे पडले. त्याला ना रेझिन लावले, ना सीलंट. पाणी त्यातून आत मुरत होते, आणि बोटाने दाबले तर लाकूड भुसभुशीत लागत होते. आतून मजबुती म्हणून बिलात दाखवलेली पट्टी नव्हतीच. आरपार बोल्ट घालण्याऐवजी एका इंजिनाला नुसते पुढचे दोन आवळते स्क्रू होते, आणि जे बोल्ट होते त्यांना तांबूस गंज चढलेला होता. प्रत्येकी चाळीस किलोच्या आसपास वजनाची दोन इंजिने अशा फळीवर लटकत होती.

आता कागदांकडे वळतो, कारण सीमाभागात खरी मेख तेथेच असते. त्या माणसाच्या बोर्डावर पत्ता बेळगावचा होता, शेड महाराष्ट्रात, आणि माल “गोव्यातून आणतो” असे तो सांगे. बिलावरचा जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होत होता. या पंधरा अक्षरी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात: कर्नाटकाचे 29, महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. बेळगावच्या दुकानातून झालेल्या विक्रीच्या बिलावर 29 हवे होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकल्यावर तो भलत्याच व्यवसायाच्या नावावर आणि रद्द झालेला दिसला. ही तपासणी कोणालाही फुकट, मोबाइलवर करता येते. बिलात इंजिनाचा अनुक्रमांक नव्हता, फक्त “बोट इंजिन संच, 1 नग” असे लिहिले होते, आणि तेही निम्म्याच रकमेचे. इंजिन फळीला धरून ठेवणाऱ्या कंसावरील क्रमांकाची पट्टी नव्याने रिव्हेट मारून बसवलेली होती. अनेक कंपन्यांच्या इंजिनांत हाच क्रमांक ब्लॉकवरील एका लहान चकतीवरही ठोकलेला असतो. आमच्या डाव्या इंजिनावर ते दोन क्रमांक जुळले नाहीत.

अनुदानाच्या नावाखाली त्याने तिघांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थीला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातींना 60 टक्के साहाय्य आहे, हे तो बरोबर सांगत होता, आणि अर्धे खरे बोलणाऱ्यावर माणसे लवकर विश्वास ठेवतात. मत्स्य विभागाच्या कार्यालयात चौकशी केल्यावर आमच्या नावाने कोणताही अर्ज आलेलाच नाही असे कळले. त्या सह्यांचे पुढे काय झाले याची चिंता म्हणून तिघांनीही लेखी खुलासा देऊन त्याची पोच घेतली आहे.

पोलिसांकडे गेल्यावर एका ठाण्याने शेड असलेल्या राज्यात जाण्यास सांगितले, तर तेथे गेल्यावर व्यवहार बेळगावात झाल्याचे ऐकायला मिळाले. शेवटी भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार येथेच लेखी दिली, आणि तिची कन्नड प्रत एका वकिलांकडून करून घेतली, त्यामुळे ती दाखल करून घेण्यात भाषेची अडचण उरली नाही. मात्र पैसे परत मिळवण्याचा मार्ग वेगळा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेत्याच्या मागे राज्याची सीमा ओलांडावी लागत नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. समोरच्याचा पहिला आक्षेप ठरलेला असतो, की इंजिन धंद्यासाठी घेतले म्हणून तुम्ही ग्राहकच नव्हे. परंतु स्वतः राबून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, असे कायद्यातच स्पष्टीकरण आहे. म्हणून मासेमारी परवाना, सहकारी संस्थेचे सभासदत्व आणि होडी तिघे स्वतःच चालवतात हे सांगणारी शपथपत्रे आम्ही तक्रारीलाच जोडली. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी नोंद केली होती, त्या नोंदीचा क्रमांकही उपयोगी पडला.

डावे इंजिन आम्ही दुरुस्त केलेले नाही आणि करणारही नाही, कारण आयोगाला दोष तपासण्यासाठी वस्तू तज्ज्ञांकडे पाठवायची झाली तर ती मूळ स्थितीत असावी लागते. ते गोणपाटात गुंडाळून, क्रमांकाच्या दोन्ही जागांची छायाचित्रे काढून ठेवले आहे. कापलेली फळी मात्र, छायाचित्रे व मोजमापे पंचांसमक्ष नोंदवून, नव्या प्लायवुडने आणि रेझिनने भरून घेतली, आणि होडी सध्या एकाच, उजव्या इंजिनावर चालते, जोडीला दोन वल्ही असतात.

तो माणूस दूरध्वनी क्रमांक बदलून आता सौंदत्तीच्या बाजूला फिरत असल्याचे तेथील दोन मासेमारांनी सांगितले. या वेळी तो 15 अश्वशक्तीची जोडी देऊ करतो, होडी स्वतःच्या शेडमध्ये न्यायचीच असा त्याचा आग्रह असतो, आणि उरलेली रक्कम होडी पाण्यात उतरण्याआधी मागतो. त्याच्या मालाच्या क्रमांकपट्ट्या चकचकीत नव्या रिव्हेटांनी बसवलेल्या असतात. ज्यांच्याकडे तो आला असेल त्यांनी त्याचे बिल, चिठ्ठी किंवा इंजिनावरच्या क्रमांकाचे छायाचित्र जपून ठेवावे आणि बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करताना आमच्या तक्रारीचाही उल्लेख करावा.